तोंड नसलेल्या बाईला पाणी

दोन हजार पाचच्या आसपास मी पंचवटीतल्या एका सायबर कॅफेत भुतांचा एक गेम खेळायचो. त्यात बंद पडलेल्या हॉस्पिटलात तोंड नसलेली एक बाई अंगावर धावून यायची. ती दिसली रे दिसली की आपण तिला गोळी घालायची. नेटवर तिचे ढीगभर चाहते होते आणि ते चित्रांत तिला नखं, शिंगं लावून आणखी भयंकर काढायचे.

आमच्या कॅफेत तिचा एकच चाहता होता, मखमलाबादकडचा चाळिशीतला फूलवाला. झेंडू विकून झाला की रिकामी पाटी दाराबाहेर उपडी घालून तो माझ्या खुर्चीमागे उभा राही. खेळत नसे. प्रिंटरच्या वाया गेलेल्या कागदांवर बॉलपेनने तिला काढी. त्याच्या चित्रात ती पायरीवर निवांत बसलेली असे, केसांत शेवंती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही.

"दारात आलेल्याला आधी पाणी इचारतात," तो एकदा म्हणाला. "तुम्ही डायरेक गोळ्याच घालता."

"अहो, पण तिला तोंडच नाही! पिणार कशी?" मी हसलो.

तो हसला नाही. "म्हणून तर एवढी चिडलीय ना ती. लय दिवसाची तहान हाय."

मग कागद ओढून त्याने त्या कोऱ्या चेहऱ्यावर बारीकसं तोंड काढलं, किंचित उघडं.

त्यानंतर माझ्याकडून तिच्यावर गोळी सुटली नाही. दरवेळी तीच मला मारायची. तो गेम माझा अर्धाच राहिला.