बॅटरीवाल्याची तहान

पाथरीचा धम्मदीप कुणाच्या घरी बॅटरी बघायला गेला की आधी प्यायला पाणी मागतो. गावात त्याची थट्टा चालते, की हा बॅटऱ्या कमी आणि तांबे जास्त रिकामे करतो. मीही हसणाऱ्यांतलाच.

आमच्या घरी इन्व्हर्टर काही चैनीसाठी नाही. माझ्या बायकोला, कमलबाईला, फुप्फुसाच्या आजारामुळं ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि आमच्या गावात वीज दिवसातून दोनदा तरी जाते. बॅटरी आधी तीन तास मशीन ओढायची. या उन्हाळ्यात ती वीस मिनिटांवर आली. मग सिलिंडर लावायचा आणि तो संपायच्या आत वीज यावी म्हणून त्याच्यावरचा काटा बघत बसायचं. मी निवृत्त मास्तर, जन्मात साहेबाला भ्यालो नाही. त्या काट्याला भ्यालो.

धम्मदीप आला, पाणी प्यायला आणि रिकाम्या तांब्याच्या बुडातला पांढरा थर नखानं खरवडून बघू लागला. तेव्हा कळलं, याला तहान नसतेच, घरातलं पाणी कसं आहे ते बघायचं असतं. बोअरचं खारं पाणी बॅटरीत गेलं की आतल्या प्लेटी खराब होतात, असं तो म्हणाला. मी छाती काढून सांगितलं की तेवढं मलाही कळतं, ते पाणी मी थेंबभर टाकलेलं नाही.

‘मग कोणतं टाकलं, गुर्जी?’

मी देव्हाऱ्याकडं बघितलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. देव्हाऱ्यातल्या गडूतलं गंगेचं पाणी फडक्यानं गाळून मी बॅटरीत अगदी काठोकाठ भरलं होतं. तेही चार महिन्यांनी आठवण झाली तेव्हा.

‘देवाला चालत असंल. बॅटरीला न्हाई चालत,’ तो म्हणाला. हसला मात्र नाही. त्याच्या जागी मी असतो तर सगळा वर्ग हसवला असता.

मग त्यानं न चिडता समजावलं. पाणी आटून प्लेटी उघड्या पडल्या की त्या कडक होतात, म्हणून दर दोन महिन्यांनी झाकणं उघडून बघायची. टाकायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवरच्या दोन खुणांच्या मधोमध. काठोकाठ भरलं की आतलं तेजाब उतू जातं आणि वायरींच्या जोडांवर पांढरा-हिरवा भुगा साठतो. तो भुगा त्यानं सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतला, जोड कोरडे करून घट्ट आवळले आणि वरून व्हॅसलीन लावलं. आमची बॅटरी दुकानी नेताना स्वतःची एक ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी तो आमची बॅटरी परत घेऊन आला. तेजाब बदललं होतं, सावकाश चार्ज केली होती. प्लेटी थोडक्यात वाचल्या, वर्ष-दीड वर्ष चिंता नाही, म्हणाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण मास्तरकी आड आली.

त्याच दुपारी वीज गेली. वीस मिनिटं झाली, तास झाला, मशीन चालूच. मी सिलिंडरजवळ बसूनच होतो.

‘तुमी जेवून घ्या. मी पडते जरा,’ कमलबाई म्हणाली.

गेले दोन महिने वीज नसताना तिनं डोळा मिटला नव्हता. त्या दुपारी ती गाढ झोपली आणि घोरायला लागली. चाळीस वर्षं ज्या घोरण्याला मी नावं ठेवली, ते ऐकत मी पोटभर जेवलो.