नकाशावर ओसाड लिहिलेली अकरा घरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

मी लातूरला एका क्लासमध्ये भूगोल शिकवतो. इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे — त्यात कुणीही रस्ते, विहिरी, वस्त्या भराव्यात आणि कुणीही तो फुकट वापरावा. भूकंपानंतर नव्या जागी वसलेली गावं आमचा सात-आठ जणांचा गट त्यावर चढवत होता. नियम एकच: जाऊन बघितल्याशिवाय 'पाहणी केली' लिहायचं नाही. नियम कुणाचा? माझाच. वर्गात त्यावर भाषणंही ठोकायचो.

एका गावाला मात्र मी गेलोच नाही. तासाभराचा रस्ता, पण ऐन परीक्षेचे दिवस, तीन-तीन बॅचेस. उपग्रहाच्या चित्रावरून नवं गाव रेखलं. जुन्या गावठाणात काही पत्रे चमकत होते — गोठे असतील, गाव तर कधीच उठून गेलंय! तिथं लिहिलं, 'ओसाड'. खाली, 'पाहणी केली'.

महिन्याभरात कुणीतरी नाव न घालता त्यावर टीप टाकली: 'इथं अकरा घरं हायेत. लोक राहतेत.' तेव्हा तरी जायला नको होतं? पण चूक मानली असती, तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी उत्तर लिहिलं — 'स्वतः पाहिलं आहे, वस्ती नाही' — आणि टीप बंद करून टाकली. हे मी जाणूनबुजून केलं.

आमच्या क्लासच्या ऑफिसात गौतम आहे. नव्या गावात घर न मिळालेल्या त्या अकरा कुटुंबांत त्याची आई राहते, हे मला ठाऊक नव्हतं. तिला अर्धांगाचा झटका आला. अँब्युलन्सवाल्यांचा नकाशा आमच्याच नकाशावरून उचललेला. शेजाऱ्यांनी फोनवर 'जुनं गाव' सांगितलं, ड्रायव्हरला पडद्यावर ते ओसाड दिसलं; तो नव्या गावातच घर शोधत राहिला. दीड तास गेला. आई वाचली, पण उजवं अंग कायमचं गेलं.

गौतमनं हे सांगितलं त्याच दुपारी मी ती घरं नकाशात भरली आणि त्याला तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी चहा घेऊन आला.

"सर, तुमी लगेच दुरुस्त केलं. न्हाई तर आमच्या वस्तीकडं कोन बघतंय?"

त्या नकाशात कुणी, कधी, काय लिहिलं याची नोंद सगळ्यांना खुली असते. ती कशी बघायची, हे गौतमला माहीत नाही. मला तिथंच दाखवता आली असती. मला लाज वाटत होती, तरी मी चहा प्यायलो आणि म्हणालो, "अरे, त्यात काय एवढं."