न दिलेली शिवी

बोरी गावात मामांच्या शिव्या खायला लोक वाट वाकडी करून यायचे. मामा म्हणजे माझे सासरे. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ती बंद पडल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. कुणी मळणीयंत्राचा बोल्ट घेऊन आला की मामा तो उलटसुलट बघायचे आणि ओरडायचे, "ह्याला हातोड्यानं कोन ठोकलं? त्या गाढवाला आण आधी, मग बोल्टाचं बघू." समोर बहुधा तो गाढवच उभा असायचा. तो हसायचा, काम शिकून घ्यायचा आणि जायचा.

शेडमध्ये नवीन असं काही नव्हतं. लेथ मशीनचा बेड, म्हणजे खालचा लांब लोखंडी पाया, जिनिंगच्या भंगारातला, वरचं फिरतं मुंडकं परभणीच्या जुन्या बाजारातलं, मोटर कुणाच्या तरी कडबाकुट्टीची. तीन मेलेल्या मशिनींतून मामांनी एक जिवंत केली होती. बसायच्या स्टुलाला खाली जुन्या गिअरचं चाक जोडलेलं, ते कधी डुगडुगलं नाही. एकदा भंगारवाला दारात येऊन शेडकडे बघत उभा राहिला, तर मामा त्याच्या अंगावर धावले. "भंगार म्हनायलास? भंगार तुझं डोस्कं हाय!"

मला मात्र ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी जावई. माझं पालमला ग्रिल-शटरचं दुकान, म्हणजे दोघांचंही पोट लोखंडावरच, पण मी शेडमध्ये पाऊल टाकलं की मामा हात पुसून उठायचे आणि खुर्ची पुढे सरकवायचे. "या जावईबापू, बसा. च्या टाक गं." काही विचारलं तर म्हणायचे, "तुमी कशाला हात काळे करता?" माझे हात काय गुलाबपाण्याने धुतलेले होते? पंधरा वर्षं मी त्या शेडमध्ये पाहुणा होतो, आणि त्याचा राग मला तेव्हाही यायचा.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या तोंडावर मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. माझी बायको त्यांना घेऊन परभणीला गेली. मामी मला म्हणाल्या, "हत्यारांची पूजा हाय, जरा झाडून-पुसून ठिवता का?" झाडून-पुसून! माझ्यातला ग्रिलवाला जागा झाला. लेथच्या बेडवर मला सगळीकडे ओरखडे दिसले, माशाच्या खवल्यांसारखे. मी दुकानातून हँड ग्राइंडर आणला आणि दुपारभर बसून बेड चकचकीत केला. हार घातला, हळदकुंकू वाहिलं. मामा खूश होतील म्हणून आतून फुगलो होतो.

मामा काळा चष्मा लावून आले. बेडवर तळहात फिरवला. हात टोकापर्यंत गेला, परत आला आणि मधेच थांबला. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "लय दमला असाल. हातपाय धुवा, जेवून घ्या."

जेवणानंतर बायको माझ्यावर ओरडली तेव्हा मला कळलं. "दोन वर्षं खरवडायलते माझे आप्पा! तुमी एका दुपारी वाटोळं केलं!" तो जुना बेड मधे झिजलेला होता. सपाट लोखंडी पाटीला तेलात कालवलेली नीळ लावायची, पाटी बेडवर घासायची, जिथे नीळ लागेल तेवढाच उंचवटा धार लावलेल्या कानशीने खरवडायचा, आणि पुन्हा नीळ. असं करून करून मामांनी तो सरळ केला होता. मी ज्यांना ओरखडे समजलो त्या खरवडल्याच्या खुणा होत्या, त्यांच्यात तेल टिकतं. माझ्या ग्राइंडरने जागोजाग खळगे पाडले होते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे.

मी शेडमध्ये जाऊन मामांचे पाय धरले. "मामा, शिव्या द्या मला. कानाखाली मारा."

ते दोन पावलं मागे सरकले. "जावयाला कुनी शिवी देतं का? उठा. लोक काय म्हनतील?"

"मग शिकवा तरी. मी खरवडतो."

"तुमी पाव्हने मानूस."

असा संताप आला! ह्या माणसाने गावभरच्या गाढवांना शिकवलं आणि मला चहा पाजला. 'ह्या खुणांना हात लावू नका' एवढं एक वाक्य पंधरा वर्षांत तोंडातून निघालं नाही, का, तर जावयाला तसं म्हणायचं नसतं. जळो ती रीत.

मामा पुन्हा पहिल्यापासून बसले. ऑपरेशन होऊनही नीळ नीट दिसेना, तर बोटांनी चाचपून खरवडायचे. मी आलो की काम थांबवून खुर्ची सरकवायचे, म्हणून मी जाणंच कमी केलं. वीतभर बेड सरळ झाला होता, आणि माघात एका सकाळी कानस हातात असतानाच ते गेले.

तेराव्याच्या पंगतीत लोक मामांच्या शिव्या आठवून हसत होते, डोळे पुसत होते. एकाला त्यांनी म्हैस म्हटलं होतं, एकाला बुजगावणं, एकाच्या सात पिढ्यांत कुणाला पाना धरता येत नव्हता. प्रत्येकाकडे आपापली शिवी होती. माझ्या शेजारी वालूरचा एक म्हातारा बसला होता. तो वळून म्हणाला, "जावईबापू, तुमाला काय म्हनायचे मिस्त्री?"

"या, बसा, म्हणायचे."

"लय नशीबवान तुमी," तो म्हणाला.

मी भरलं ताट सरकवलं आणि पंगतीतून उठलो.