पर्वतीवरची शाबासकी

रोज सकाळी तो पर्वती चढायचा. अंगानं चांगलाच जाड. दर टप्प्यावर कठड्याला टेकायचा आणि पाठ वळवून खिशातला दम्याचा पंप ओढायचा. वर बाकावर आम्हा पेन्शनरांचा घोळका असतो. सल्ला द्यायला आम्हाला ओळख लागत नाही. "अहो, भात सोडा, धाप आपोआप थांबेल."

एकदा तो माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "आधी दम लागायला लागला, काका. मग चालणं कमी झालं, औषधांनी अंग सुटलं. लोक उलटंच धरतात."

मी हे घोळक्याला सांगितलं. "सबबी सगळ्या!" एवढंच उत्तर मिळालं.

पावसाळ्यानंतर दिसला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता, गाल बसले होते. आमच्यातल्या एकानं पाठ थोपटली. "वा! आता कसे माणसात आलात!" तो काहीतरी सांगायला गेला, पण खोकल्यानं बोलू दिलं नाही.

दिवाळीत पायथ्याच्या फुलवालीकडून कळलं, तो गेला. फुप्फुसांचं दुखणं. वजनही त्या दुखण्यानंच खाल्लं होतं. वर येऊन मी ते सांगितलं. सगळे हळहळले.

काल एक जाड बाई धापा टाकत वर आल्या. आमचा घोळका म्हणाला, "मनावर घ्या, बाई. इथं एक जण यायचा, बघता बघता बारीक झाला."