फाटकाबाहेरची शिट्टी

आमच्या शेजारच्या चाचांइतकी दुसऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी वाहिलेला माणूस रत्नागिरीत झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. जगात माणसं दोनच प्रकारची, हलणारी आणि गंजणारी, असं त्यांचं ठाम मत होतं. "जहाज धक्क्याला बांधून ठेवलं की तळाला कालवं धरतात, मास्तर. माणसाचंही तेच." हे सांगताना ते आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली स्वतःची बोटं उघडझाप करून दाखवत. सगळी नोकरी त्यांनी मालवाहू जहाजांवर सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून काढली होती. खलाशांना हुकूम द्यायची पितळी शिट्टी निवृत्तीनंतरही त्यांच्या गळ्यातच होती.

दोन हजार सालाच्या सुमारास आमच्या समाजमंदिरात संधिवाताच्या लोकांसाठी व्यायामाचं शिबिर झालं. शिकवायला आलेल्या बाई आठवड्याने परत गेल्या. भिंतीवर व्यायामाचा तक्ता राहिला आणि तक्त्याखाली चाचा राहिले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातचा वर्ग त्यांनी ताब्यात घेतला. खुर्चीत बसून पाय सरळ उचलणं म्हणजे 'नांगर उचल', खांदे फिरवणं म्हणजे 'दोर गुंडाळ'. प्रत्येक वेळी दहा अंक मोजायचे. पण कुणी जरा कण्हलं की चाचा सातावरच घाबरून थांबत. "दुखलं काय? कुठं दुखलं? खरं सांग!" मग मोजणी पुन्हा एकपासून. एकदा निवृत्त एसटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "चाचा, कण्हणं ही माझी सवय हाय, दुखणं नाय. गाडी घाटाला लागली की इंजिन आवाज करतंच." चाचांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "मग पहिल्या गिअरमध्ये कण्ह. मला धडकी भरते."

खरी धडकी त्यांना भरे ती गैरहजेरीची. "माणूस एकदम पडत नाही, मास्तर. आधी एक दिवस गैरहजर राहतो," असं ते म्हणत. जो आला नाही त्याच्या फाटकात उभं राहून तो तोंड दाखवीपर्यंत ते शिट्टी वाजवत. ड्रायव्हर दापोलीला लग्नाला गेला, तेव्हा त्याच्या सुनेने लग्नपत्रिका आणून दाखवली, तेव्हा कुठे शिट्टी थांबली.

मी शाळामास्तर. आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली आणि पन्नाशीत स्वतः दांड्या मारायला शिकलो. थंडीतल्या एका सकाळी गुडघे असे आखडले होते की वर्गाला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं. हॉल उघडायला जाताना चाचा मला उठवायला वाजवत, तशी साडेसहाला शिट्टी वाजली.

"चाचा बोलावतायत. काय सांगू?" बायकोने विचारलं.

"लांज्याला गेलेत म्हणून सांग."

ती बाहेर जाऊन आली. "फाटकात कुणी नाही."

"मग झालं तर!" मी गोधडी कानांवर ओढून घेतली.

शिट्टी पुन्हा वाजली. मग जरा थांबून आणखी एकदा, पण तोकडी. म्हातारा दमला, आता जाईल, असं मनात आलं आणि मला आनंद झाला. हा आनंद मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही.

सात वाजता ड्रायव्हर फाटकात ओरडला, "मास्तर, हॉलला कुलूप! चाचा खंयत?"

त्यानंतर माझे आखडलेले गुडघे कसे धावले, मला ठाऊक नाही. चाचा एकटेच राहत. घरामागच्या विहिरीजवळ जांभ्याच्या ओल्या पायरीखाली ते आडवे पडले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला आणि शिट्टी ओठांत तशीच. मला बघून त्यांनी ती बाजूला केली.

"हायस ना तू? इतकी शिट्टी मारली, ओ नाय की ठो नाय. म्हटलं, मास्तरच पडला घरात. उठून बघायला यावं, तर हा पाय हलेना."

"झोप लागली होती, चाचा," मी म्हणालो.

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला.

खुब्याचं हाड जुळलं, पण लेक त्यांना कायमचं खेडला घेऊन गेली. जाताना त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. वर्ग आता मीच घेतो आणि कुणी कण्हलं की मीही सातावर थांबतो. महिन्यातून एकदा एसटीने खेडला जातो. या वेळी खरं सांगायचंच, असं गाडीत दरवेळी ठरवतो. चाचा वॉकर धरून दारापर्यंत येतात आणि आधी तेच विचारतात, "आज कोण आलं नाय?" मग मी ती नावं सांगत बसतो आणि माझं सांगायचं राहून जातं.

हल्ली सकाळी शेजारच्या कुठल्याही घरात शिट्टी वाजली की मी चपला शोधू लागतो.

"अहो, कुकर आहे तो. डाळ शिजतेय त्यांची," बायको म्हणते.

"असेल," मी म्हणतो, "पण बघून येतो." आणि फाटकापाशी न थांबता घराला वळसा घालून मागे विहिरीपर्यंत जाऊन येतो.