झेल कशाला म्हणायचं

अन्याय झाला तो अमेरिकन फुटबॉलच्या एका पंचावर, गेल्या सोमवारी सकाळी पावणेआठला, आणि तो मी केला.

नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात मी फोनवर सामना बघत होतो. आमच्या लाडक्या संघाच्या खेळाडूने चेंडू झेलला, दोन्ही पाय रेषेच्या आत टेकले आणि त्याच क्षणी विरोधकाने फटका मारून चेंडू पाडला. पंच म्हणाला, झेल नाही! मी तिथल्या तिथे ‘पंच विकला गेलाय’ असं पत्रक लिहिलं आणि सगळ्या ग्रुपांवर टाकलं.

त्या हॉटेलात एक म्हातारे वेटर आहेत. डाव्या हातावर पाच भरलेले कप तोलून चालतात आणि टेबल पुसल्याशिवाय एकही खाली ठेवत नाहीत. त्यांच्यापुढे मी फोन नाचवला. “चाचा, देखो, दोनों पाँव अंदर!”

हा खेळ त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. तरी शांतपणे दोनदा पाहिलं.

“मियाँ, कप मेरे हाथ में आया, मैं दो कदम चला, गिरा दिया. तुम चाय मिली बोलते क्या?”

“नहीं.”

“हौ. टेबल तक संभालना पड़ता ना.”

मग मी पहिल्यांदा नियम वाचला. चेंडूवर ताबा, दोन्ही पाय जमिनीवर, आणि वर तिसरं पाऊल टाकण्याइतका वेळ तो हातात टिकायला हवा. पंच बरोबर होता. चाचांनी पुसलेल्या टेबलावर चहा ठेवला. वाद हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

माझं पत्रक ग्रुपवर वाचून तुम्ही पुढे पाठवलंत ना? मग ज्यांना पाठवलंत, त्या प्रत्येकाला आजच कळवा की ते खोटं होतं.