शेवटच्या गाडीची रॅम

तोच कॉम्प्युटर तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा मला त्या कॉम्प्युटरचा नाही, स्वतःचाच राग आला. कॅबिनेट फौजी करड्या ब्लँकेटमध्ये बांधलेलं होतं, वरून सुतळीच्या गाठी. मलकापूरहून सांगलीपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. गाठी सोडणारे गृहस्थ सत्तरीचे, डावा हात अधू, आणि तरी सोडलेली सुतळी नीट गुंडाळून खिशात ठेवत होते.

"ताई, परत त्येच. रविवारी मेमरी फुल झाली आन् गाडी जाग्यावर हुबी," ते म्हणाले.

सांगलीत मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. मार्केट यार्डातलं कॅबिनेट उघडलं की पंख्यातून हळद झडते आणि गुळाच्या अडत्याच्या कीबोर्डमध्ये मुंग्या सापडतात, एवढा माझा अनुभव दांडगा. गेम खेळणारी गिऱ्हाइकंही पुष्कळ येतात, पण ती विशीतली. सत्तरीचा गेमर माझ्याकडे हा एकच.

त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. अठ्ठावीस वर्षं फौजेत ट्रक चालवले, त्यातली बरीच लडाखच्या रस्त्यावर. निवृत्त होऊन मलकापुरात घर बांधलं, थोडा ऊस केला. तीन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची मनाई केली. तेव्हा त्यांच्या लेकीनं शक्कल लढवली. सांगलीत इंजिनिअरिंगला असताना तिनं माझ्याकडून एक चांगला कॉम्प्युटर जुळवून घेतला होता. पुण्याला नोकरी लागल्यावर तो तिनं वडिलांच्या खोलीत मांडला, त्याला गेमचं स्टिअरिंग जोडलं आणि ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला. त्यात डोंगराळ रस्त्यांचा एक वेगळा नकाशाही बसवला. महिन्याभरात सुभेदारांनी आपल्या युनिटमधले पाच जुने सोबती शोधून काढले. कुणी रोहतकचा, कुणी सेलमचा, एक गढवालचा. दर रविवारी सकाळी दहाला सहा म्हातारे आपापल्या घरी हेडफोन लावून बसतात आणि कॉन्व्हॉय काढतात. कॉन्व्हॉय म्हणजे एकामागं एक शिस्तीत चालणारा गाड्यांचा ताफा.

त्या ताफ्यात सुभेदारांची गाडी सगळ्यात शेवटची. फौजेतही ते रिकव्हरीची गाडी चालवायचे, म्हणजे वाटेत जो बंद पडेल त्याला ओढून आणणारी. नियम असा की शेवटची गाडी दिसेनाशी झाली की पुढच्यांनी थांबायचं. गेमलाही त्यांनी तोच नियम लावलेला. त्यामुळे यांचा कॉम्प्युटर घाटात गचकला की पाचही जण परत फिरायचे. त्या नकाशातली सर्वांत उंच खिंड ते तोवर एकदाही पार करू शकले नव्हते.

आता मेमरीचं सांगते. आमचा हळदीचा व्यापार होता, म्हणून मला ते पेवाच्या भाषेतच सुचतं. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवायचे. माल तिथं भरपूर मावतो, पण काढायला वेळ लागतो. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे पेव. गिऱ्हाइकासमोर पोती मांडायची जागा म्हणजे दुकानाची ओटी, ती झाली रॅम. ओटी लहान, पण हातासरशी. आजकालचे गेम फार माल मांडतात: डोंगर, झाडं, बर्फ, प्रत्येक दगडाचं चित्र. ओटी भरली की कॉम्प्युटर पुन्हा पेवाकडे धावायला लागतो आणि गाडी झटके खात थांबते.

पहिल्या खेपेला मी नेहमीचे उपाय केले. मागं चालणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले, ब्राउझर गुपचूप काय काय उघडून बसतो ते आवरलं. चार तास गेम चालवून पाहिला. मेमरी अगदी ताब्यात. सुभेदारांना म्हटलं, झालं काम. पंधरा दिवसांत फोन आला की झालं नाही.

दुसऱ्या खेपेला सोळाची रॅम बत्तीस जीबी केली. मला वाटलं, आता काय बिशाद आहे. पूर्वी आठवड्यातून दोनदा अडकायचा, तो एकदाच अडकायला लागला, आणि तोही नेमका रविवारी, घाटात. आता ही तिसरी खेप. दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात तपासणी असली की ते येताना कॅबिनेट घेऊन यायचे. दुकानात लावलं की ते शहाण्या बाळासारखं चालायचं. डॉक्टरकडे नेल्यावर ताप उतरतो, तसला प्रकार.

या खेपेला मी चित्रांचा दर्जा उतरवला, म्हणजे दगड कमी बारकाईनं दिसतील आणि जागा कमी खातील. शिवाय म्हणून टाकलं की तुमच्याकडचं नेट खराब असणार, रविवारीच बिघडतं म्हणजे दुसरं काय. स्वतःला समजलं नाही की गिऱ्हाइकाच्या घरावर ढकलायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. सुभेदारांनी वाद घातला नाही. त्यांनी पिशवीतून एक लांब वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.

ती वही माझ्यामुळेच सुरू झाली होती. पहिल्या खेपेला मी सहज म्हटलं होतं, मेमरी किती टक्के भरते त्यावर नजर ठेवा. त्यांनी गाडीचं लॉगबुक उघडावं तसं रजिस्टरच उघडलं. तारीख, सुरू केल्याची वेळ, मेमरी, किती किलोमीटर, थांबल्याची वेळ, मेमरी, शेरा. दोन महिन्यांत एक दिवस रिकामा नव्हता. तापानं फणफणलेल्या दिवशीही 'चालक आजारी, गाडी उभी' अशी नोंद होती. मी ती वही चाळली आणि फक्त रविवार पाहिले, कारण बिघाड रविवारी होत होता. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. वही मिटून परत दिली.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच सरळ. खिंडीच्या खाली आठ किलोमीटरवर पुन्हा अडकले होते. म्हणाले, मी आता कॉन्व्हॉयमधून नाव काढून घेतो. तुम्ही घातलेली रॅम काढून न्या, कुणा शिकणाऱ्या पोराला उपयोगी पडेल.

मी विचारलं, असं एकदम का?

"ज्यानं समद्यांना वडून आनायचं, त्योच बंद पडतोय, ताई. पाच मानसं माझ्यापायी माघारी फिरत्यात. ह्ये बरं न्हाई."

मला एकदम वाईट वाटलं. या माणसानं महिनोन्महिने माझ्या प्रत्येक चुकीच्या सल्ल्याचं तंतोतंत पालन केलं होतं. दगड चिखलाच्या गोळ्यांसारखे दिसायला लागले तरी तक्रार केली नव्हती. मी म्हटलं, एक रविवार द्या मला, मीच येते. सेटिंगला हात लावू नका, रोजच्यासारखंच चालवा.

त्या रविवारी सकाळची एसटी पकडून मलकापूर गाठेस्तोवर साडेनऊ झाले. त्यांच्या पत्नीनं, काकींनी, दारातच सांगितलं की हे पहाटेपासून तयार होऊन बसलेत. खरंच, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, स्टिअरिंगसमोर खुर्चीत ताठ बसलेले. मी म्हटलं, सुरू करा. त्यांनी फक्त स्क्रीनचं बटण दाबलं.

समोर ट्रक उभा. बर्फाच्या कडेला, इंजिन घरघरतंय.

मी पाहतच राहिले. गेम उघडायला सात-आठ मिनिटं लागतात हे मला माहीत होतं, कारण लेकीनं तो जुन्या मोठ्या हार्ड डिस्कवर टाकला होता. मग हा आधीच उघडा कसा? मी टेबलावरची वही ओढली आणि पहिल्यांदाच ती रविवार सोडून वाचली.

सोमवारी सुरू करताना मेमरी चौतीस, थांबताना त्रेचाळीस. मंगळवारी सुरू करताना त्रेचाळीस, थांबताना बावन्न. बुधवारी सुरू करताना बावन्न. अशीच चढत चढत शनिवारी अठ्ठ्याऐंशी. रात्रभर बंद राहिलेला कॉम्प्युटर सकाळी कालच्या आकड्यावर कधीच सुरू होत नाही. ओटी रोज झाडली जाते.

"सुभेदार, तुम्ही हा बंद कधी करता?"

"बंद?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "बंद कशापायी करायचा?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी विद्यार्थिनीसारखं ऐकलं. वर लडाखला रात्री मायनस वीसच्या खाली थंडी. डिझेल गोठतं. इंजिन बंद केलं तर सकाळी सुरू होईल याचा भरवसा नाही, आणि एक गाडी सुरू झाली नाही की सगळा ताफा खोळंबतो. म्हणून मुक्कामाला इंजिन चालूच ठेवायचं, आळीपाळीनं राखण करायची. हा गेमही सुरू व्हायला फार वेळ घेतो, दोनदा तर मधेच अडकला होता. तेव्हा त्यांनी ठरवलं की हेही थंडीतलं इंजिन आहे. सोमवारी सुरू करायचं, रोज चालवायचं, रात्री फक्त स्क्रीन विझवायची. लाइट गेली तर इन्व्हर्टर होताच.

त्यात त्यांची चूक एवढीच की गेमचं इंजिन उलटं असतं. त्या डोंगराच्या नकाशात एक दोष होता. तो ओटीवर पोती मांडायचा आणि काम झाल्यावर उचलायचाच नाही. याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. गेम बंद केला की सगळी पोती आपोआप हलतात. विशीतला पोरगा दिवसातून चारदा गेम बंद करतो, त्याला हा दोष जन्मात दिसणार नाही. सुभेदार आठवडाभर इंजिन चालू ठेवत, म्हणून रविवारपर्यंत ओटीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. आणि माझ्याकडे आणताना प्लग काढावाच लागे, म्हणून दुकानात तो निरोगी.

पावणेदहा झाले होते. मी म्हटलं, पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा.

ते हलले नाहीत. दहाला हजेरी. दहा वाजून एक मिनिट म्हणजे गैरहजर. आठ मिनिटं सुरू व्हायला, आणि मधेच अडकला तर? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला. अठ्ठावीस वर्षं ज्यानं थंडीत इंजिन बंद केलं नाही त्याला मी ते करायला सांगत होते. माझे तीन सल्ले आधीच फसलेले.

"आवं, त्या एवढ्या लांबनं आल्यात. आइका की," काकी मागून म्हणाल्या.

"सुरू व्हईल न्हवं, ताई?"

"होईल," मी म्हटलं.

त्यांनी बंद केला. इंजिनाची घरघर थांबली. मग पुन्हा सुरू केला आणि आम्ही तिघंही त्या पुढे सरकणाऱ्या रेषेकडे बघत बसलो. अर्ध्यावर ती थबकली. सुभेदारांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. रेषा हलली. दहाला दोन मिनिटं कमी असताना ट्रक समोर उभा राहिला. मेमरी चौतीस.

हेडफोनचा आवाज त्यांनी माझ्यासाठी स्पीकरवर घेतला. रोहतकच्या सोबत्याला सगळे उस्ताद म्हणत; ते हजेरी घेत होते. चार नावं झाली, मग सुभेदारांनी खणखणीत आवाजात 'हाजिर' म्हटलं. मी अडीच तास तिथं बसले. डावा हात अधू, पण वळणावर स्टिअरिंग कधी डगमगलं नाही. पुढच्या गाडीशी अंतर कायम तेवढंच. आठ किलोमीटरचा दगड गेला. खिंडीच्या माथ्यावर पाच गाड्या एका रांगेत थांबल्या आणि उस्तादांनी विचारलं, "आखरी गाडी?"

"आखरी गाडी पार, उस्ताद," सुभेदार म्हणाले. मग गढवालच्या म्हाताऱ्यानं नाक शिंकरलेलं स्पष्ट ऐकू आलं, आणि इकडे माझेही डोळे भरून आले. काकी तोवर चहा ठेवायला निघून गेल्या होत्या.

मेमरी त्रेचाळीस. त्यांनी ती लिहिली. मग शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'दोष चालकाचा. मशीन निर्दोष.' एवढ्या सरळपणे स्वतःवर दोष घेणारं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत भेटलं नव्हतं. बहुतेकांचा कॉम्प्युटर 'आपोआप' पाण्यात पडलेला असतो.

मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'मेकॅनिकनं वही वाचली नाही.' खाली सही केली. सुभेदारांनी चष्मा लावून वाचलं.

"तारीख घाला, ताई," ते म्हणाले. मी घातली.

पुढच्या महिन्यात गेम हार्ड डिस्कवरून काढून मी एसएसडीवर, म्हणजे झपाट्यानं माल काढता येणाऱ्या पेवात, नेऊन ठेवला. हे खरं तर पहिल्याच खेपेला करायला हवं होतं. ओटी वाढवत बसले आणि पेवाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आता गेम मिनिटाभरात उघडतो. सुभेदार रोज संध्याकाळी इंजिन बंद करतात. पहिला आठवडाभर रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, 'सुरू झाली.' एवढंच.

तेव्हापासून दुकानात कुणीही मेमरीची तक्रार घेऊन आला की मी पहिला प्रश्न विचारते, शेवटचा बंद कधी केला होता? निम्म्या लोकांना आठवत नाही. सुभेदारांकडे तारीख-वेळेसकट उत्तर होतं. मी विचारलंच नव्हतं.